एका टक्क्याचे काम

1915 साली धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका आली. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत सामाजिक परिषद भरायची होती, अध्यक्षपद अण्णांकडे होते आणि भाषणाला विषय हवा होता. तो त्या पुस्तिकेने दिला. पुढच्या वर्षी हिंगण्याला महिला विद्यापीठ उभे राहिले. हा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. टोकियोतल्या त्या विद्यापीठाचा संस्थापक कोण होता, हे मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.

त्याचे नाव नारुसे जिन्झो. यामागुचीकडच्या सामुराई घराण्यातला हा तरुण 1877 साली ओसाकात बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. मग तो मुलींच्या ख्रिस्ती शाळेत शिक्षक झाला, नारा आणि नीगाता भागांत पाद्री झाला आणि नीगातात त्याने मुलींची शाळाही काढली. अमेरिकेत तीन-चार वर्षे शिकून तो परतला आणि 1901 मध्ये त्याने टोकियोत महिला विद्यापीठ उघडले. त्या वेळच्या जपानी कायद्याने स्त्रियांना विद्यापीठ मिळणे शक्य नव्हते. संस्थेच्या नावात ‘विद्यापीठ’ असले तरी कायदेशीर दर्जा व्यवसाय-महाविद्यालयाचा होता. तोपर्यंत नारुसेने धर्मप्रचार सोडला होता. संस्था कोणत्याही पंथाची नसेल, असे त्याने ठरवले होते. अण्णांना पुस्तिकेतून कळलेल्या संस्थेवर म्हणूनच ख्रिस्ती पाटी नव्हती.

जपानी शिक्षण आणि समाजसेवा यांवरचा ख्रिस्ती प्रभाव शोधताना नेमकी हीच अडचण येते. जपानमध्ये ख्रिस्ती लोकांचे प्रमाण आजही लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास आहे. दीडशे वर्षांच्या प्रचाराचे हे फळ पाहून मिशनऱ्यांचे प्रयत्न वाया गेले, असे कोणीही म्हणेल. पण मुलींचे माध्यमिक शिक्षण, अनाथालये, परिचारिकांची शाळा, मतिमंद मुलांची संस्था, ग्राहकांची सहकारी दुकाने, वृद्धांचे शुश्रूषागृह, मरणासन्न रुग्णांसाठीचे हॉस्पिस यांतल्या कशाचीही सुरुवात शोधत गेलो, तर त्या एक टक्क्यातला कोणीतरी माणूस तिथे उभा दिसतो. जपानने धर्म घेतला नाही, काम घेतले. पुढे सरकारने ते काम आपलेसे केले आणि सुरुवात करणाऱ्याचे नाव मागे पडले. हे कसे घडले आणि त्याची किंमत काय पडली, हे पाहण्यासारखे आहे.

एक खबरदारी आधी घेतली पाहिजे. ख्रिस्ती लोक येण्यापूर्वी जपान निरक्षर किंवा निर्दय होता, असे चित्र खोटे ठरेल. नवव्या शतकात कूकाई या बौद्ध आचार्याने सामान्यांसाठी क्योटोत शाळा काढली होती. एदो काळात गावोगाव तेराकोया नावाच्या शाळा होत्या, व्यापाऱ्यांची आणि शेतकऱ्यांची मुले तिथे अक्षरे आणि हिशेब शिकत. 1872 ची सार्वत्रिक शिक्षणाची योजना सरकारनेच आखली आणि टोकियोतले निराधारांचे मोठे आश्रयगृहही त्याच वर्षी सरकारी पुढाकाराने सुरू झाले. तेव्हा ख्रिस्ती माणसांनी शिक्षण ‘आणले’ नाही. जिथे कोणाचे लक्ष नव्हते, तिथे ते पोहोचले.

पहिली भेट याच्या तीनशे वर्षे आधीची आहे आणि तिचा रस्ता गोव्यातून जातो. कागोशिमातून खुनाच्या आरोपामुळे पळालेला आंजिरो नावाचा जपानी माणूस मलाक्क्यात फ्रान्सिस झेवियरला भेटला, 1548 मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला, तिथल्या सेंट पॉल कॉलेजात तो शिकला आणि 1549 च्या ऑगस्टमध्ये झेवियरला घेऊन कागोशिमाला उतरला. त्यानंतर काही वर्षांनी लुईस द आल्मेइदा या पोर्तुगीज व्यापाऱ्याने स्वतःचे पैसे घालून फुनाई, म्हणजे आजच्या ओइता शहरात, टाकून दिलेल्या बालकांसाठी घर काढले आणि पाठोपाठ इस्पितळ उभारले. तो शस्त्रवैद्यही होता. जपानमधले पाश्चात्त्य पद्धतीचे पहिले इस्पितळ ते हेच. तिथे कुष्ठरोग्यांसाठी वेगळी जागा होती. आज ओइतात आल्मेइदाच्या नावाचे रुग्णालय आहे आणि ते चर्चचे नाही, शहरातल्या डॉक्टरांच्या संघटनेचे आहे.

वसईचा गोन्सालो गार्सिया याच काळातला. पोर्तुगीज बाप आणि इथली आई यांचा हा मुलगा जपानी अस्खलित बोलत असे. फ्रान्सिस्कन साधूंच्या शिष्टमंडळाबरोबर तो दुभाषी म्हणून जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर उभा राहिला होता. या साधूंनी क्योटोत गरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ चालवले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर 26 जणांना वधस्तंभावर चढवण्यात आले, त्यांत गोन्सालो होता. 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि ही सारी कामे नाहीशी झाली. राहिले ते नागासाकीच्या आसपासचे लपून प्रार्थना करणारे शेतकरी आणि कोळी.

त्यांच्याच वंशजांपासून दुसरी सुरुवात झाली, आणि या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत भिडणारी गोष्ट तिथलीच आहे. 1865 मध्ये उराकामीच्या गावकऱ्यांनी फ्रेंच पाद्र्याजवळ आपला धर्म उघड केला. बंदी अजून उठली नव्हती. सुमारे 3,400 माणसांना गावातून उपटून देशभर हद्दपार केले गेले आणि त्यांतली सहाशेहून जास्त परत आली नाहीत. 1873 मध्ये बंदीच्या पाट्या उतरल्या, उरलेले लोक मोडक्या घरांत परतले आणि पुढच्याच वर्षी वादळ आणि आमांशाची साथ आली. हद्दपारीतून परतलेली इवानागा माकी ही पंचविशीतली शेतकरी मुलगी आणखी काही बायकांना घेऊन रुग्णांची सेवा करू लागली. साथीत अनाथ झालेले एक मूल तिने घरी आणले, मग दुसरे आणले. बायका दिवसा शेतात राबायच्या, रात्री मुले सांभाळायच्या. त्यातून जे बालगृह उभे राहिले ते जपानमधल्या सर्वांत जुन्या बालगृहांपैकी एक आहे. तिच्यापाशी ना परदेशी मिशनचा पैसा होता, ना पदवी. तिला वैद्यकाचे धडे देणारा पाद्री मार्क द रोट्झ पुढे सोतोमे या डोंगराळ किनाऱ्यावर गेला. 1883 मध्ये त्याने तिथल्या विधवा आणि गरीब मुलींसाठी कामशाळा बांधली. विणकाम, पाव, मॅकरोनी आणि बारीक शेवयांसारखे सोमेन तिथे तयार व्हायचे. त्याच्या नावाच्या सोमेन शेवया त्या भागात आजही मिळतात.

प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची कथा वेगळी आहे. 1859 मध्ये बंदरे उघडताच ते आले. धर्म सांगायला मनाई होती, म्हणून त्यांनी औषध आणि इंग्रजी या दोन दारांतून प्रवेश केला. डॉक्टर हेपबर्न यांनी कानागावातल्या एका बौद्ध मंदिरात राहून रुग्णांवर मोफत उपचार केले, 1867 मध्ये जपानी-इंग्रजी शब्दकोश छापला आणि त्यांच्या पत्नीने योकोहामात मुले-मुली शिकवायला घेतली. रोमन लिपीत जपानी लिहिण्याची आजची प्रचलित पद्धत हेपबर्न यांच्याच नावाने ओळखली जाते. मेरी किडर यांनी 1870 मध्ये सुरू केलेला मुलींचा वर्ग पुढे फेरिस विद्यालय झाला. हेन्री फोल्ड्स हा स्कॉटिश मिशनरी डॉक्टर बोटांच्या ठशांच्या शोधामुळे प्रसिद्ध आहे. 1875 मध्ये टोकियोतल्या अंध मुलांच्या शाळेसाठी मंडळ स्थापन करणाऱ्यांतही तो होता, हे फारसे सांगितले जात नाही.

पण जपानी तरुण या धर्माकडे का वळले? याचे एक उत्तर राजकारणात आहे. 1868 च्या उलथापालथीत शोगुनच्या बाजूची संस्थाने हरली. त्यांचे सामुराई बेकार झाले, नव्या सरकारात त्यांना जागा नव्हती. धन्यावर निष्ठा ठेवायला शिकलेल्या या मुलांपुढे धनीच उरला नव्हता. पहिल्या पिढीतले कितीतरी ख्रिस्ती पुढारी या हरलेल्या घरांतले आहेत. मेइजी गाकुइन या ख्रिस्ती शाळेचा प्रमुख झालेला इबुका काजिनोसुके आइझू या हरलेल्या संस्थानातला होता. क्योटोत शाळा काढणाऱ्या नीजिमा जो याला जमीन देणारा अंध यामामोतो काकुमाही आइझूचाच. या मुलांना धर्मात नवा धनी सापडला आणि त्याच्या सेवेत त्यांनी जुनी सामुराई शिस्त ओतली. त्यांच्या शाळांतला कडकपणा आणि अनाथालयांतले अपार कष्ट यांचे मूळ बायबलइतकेच त्या शिस्तीतही आहे, असे माझे मत आहे.

नीजिमा जो 1864 मध्ये, देश सोडणे हा देहदंडाचा गुन्हा असताना, हाकोदाते बंदरातून जहाजावर चढून पळाला. अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट कॉलेजातून त्याने पदवी घेतली. 1875 मध्ये बौद्ध मठांच्या गराड्यात, क्योटोत, त्याने आठ विद्यार्थ्यांवर दोशिशा ही शाळा सुरू केली. दुसऱ्या वर्षी कुमामोतोहून एक टोळीच तिथे येऊन दाखल झाली. त्या गावच्या पाश्चात्त्य शाळेत जेन्स नावाचा अमेरिकन माजी सैनिक अधिकारी शिकवत असे. त्याच्या 35 विद्यार्थ्यांनी जानेवारी 1876 मध्ये टेकडीवर चढून ख्रिस्ती होण्याची शपथ घेतली होती. शाळा बंद पडल्यावर त्यांतले बरेच दोशिशाला आले. त्याच वर्षी उत्तरेला साप्पोरोच्या सरकारी कृषी महाविद्यालयात विल्यम क्लार्क जेमतेम आठ महिने शिकवून गेला. तेवढ्यात त्याने पहिल्या वर्गाकडून श्रद्धेचा करार लिहून घेतला. पुढच्या वर्षी आलेल्या मुलांवर वरच्या वर्गाने सहीसाठी दबाव आणला. त्या मुलांत उचिमुरा कान्झो आणि नितोबे इनाझो होते. सरकारी पैशावर चाललेल्या शेतकी महाविद्यालयातून जपानचे दोन सर्वांत प्रभावी ख्रिस्ती विचारवंत बाहेर पडले.

मुलींच्या शिक्षणात मिशनचा वाटा सर्वांत स्पष्ट आहे. सरकारने मुलींच्या माध्यमिक शाळांचा कायदा 1899 मध्ये केला. त्याआधीच्या पंचवीस वर्षांत प्राथमिक शाळेनंतर शिकू पाहणाऱ्या मुलीला बहुतेक ठिकाणी मिशन शाळेशिवाय दुसरा दरवाजा नव्हता. फेरिस, कोबे जोगाकुइन, टोकियोतली जोशी गाकुइन अशी शाळांची साखळी बंदरांच्या शहरांत तयार झाली. तिथे मुली इंग्रजी आणि संगीत शिकत, व्यायाम करत आणि वसतिगृहात घरापासून दूर राहत. शिकवणाऱ्या बायका अविवाहित असून स्वतःच्या कमाईवर जगत होत्या. हे दृश्य मुलींच्या पालकांना धक्का देणारे होते आणि मुलींना पुस्तकांपेक्षा जास्त शिकवणारे होते. बालवाडीचेही तसेच. कोबेत ॲनी हाउ यांनी 1889 मध्ये बालवाडी काढली आणि शिक्षिका तयार केल्या.

त्सुदा उमेको हे नाव या परंपरेचे शिखर मानावे लागेल. 1871 च्या डिसेंबरमध्ये सरकारी शिष्टमंडळाबरोबर अमेरिकेला पाठवलेल्या पाच मुलींत ती सर्वांत लहान होती, वयाची सात वर्षेही पुरी नव्हती. तिथेच ती ख्रिस्ती झाली. अकरा वर्षांनी परतली तेव्हा ती जपानी भाषा विसरली होती आणि सरकारला या मुलींचे काय करायचे हे ठाऊक नव्हते. 1900 मध्ये तिने दहा विद्यार्थिनींवर इंग्रजीची छोटी शाळा उघडली, ती आजचे त्सुदा विद्यापीठ. 2024 पासून जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचे चित्र आहे. 1984 पासून वीस वर्षे त्याच नोटेवर नितोबे होता. नितोबे 1918 मध्ये टोकियोच्या महिला ख्रिस्ती महाविद्यालयाचा पहिला प्रमुख झाला. त्याआधी 1894 मध्ये त्याने आणि त्याच्या अमेरिकन पत्नीने साप्पोरोत कामकरी मुलांसाठी फुकट रात्रशाळा सुरू केली होती. माझ्या मते त्याच्या जगप्रसिद्ध पुस्तकापेक्षा ती रात्रशाळा मोठी आहे.

इथे पंडिता रमाबाईंचा उल्लेख ओढूनताणून केलेला ठरणार नाही. 1888 च्या अखेरीस अमेरिकेहून परतताना रमाबाई जपानमार्गे आल्या आणि तिथे त्यांची व्याख्याने झाली. त्याआधी दोन वर्षे, 1886 मध्ये, याजिमा काजिको यांच्या पुढाकाराने टोकियोत स्त्रियांची ख्रिस्ती दारूबंदी संघटना स्थापन झाली होती. दारूपेक्षा तिचा रोख एकपत्नीत्वाकडे आणि परवानाधारक वेश्यावस्तीकडे जास्त होता, कारण जपानी बाईचे हाल तिथे होते. वेश्याव्यवसाय सोडलेल्या मुलींसाठी तिने आश्रयगृह काढले. 1895 मध्ये साल्व्हेशन आर्मी आली आणि दोशिशात शिकलेला यामामुरो गुनपेई तिचा पुढारी झाला. कर्ज फिटले नसले तरी बाईला वस्ती सोडण्याचा हक्क आहे, हे 1900 मध्ये न्यायालयात आणि मग सरकारी नियमात मान्य झाले. तो निरोप पोहोचवायला टोकियोतल्या योशिवारा या वेश्यावस्तीत गेलेल्या साल्व्हेशन आर्मीच्या लोकांना दलालांच्या माणसांनी बदडले. वेश्याव्यवसायविरोधी कायदा व्हायला 1956 साल उजाडले. तोपर्यंत बायकांनी सत्तर वर्षे अर्ज केले.

समाजसेवेच्या इतिहासात ओकायामा या एका जिल्ह्यातून इतकी माणसे कशी निघाली, याचे आश्चर्य वाटते. त्यांतला इशी जुजी मूळचा मियाझाकीचा. ओकायामात तो डॉक्टरकी शिकत होता. 1887 मध्ये खेड्यात सराव करताना एका यात्रेकरू बाईने आपल्या दोन मुलांपैकी मोठा मुलगा त्याच्या पदरात घातला. त्याच सुमारास ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर जपानमध्ये व्याख्याने देऊन गेले होते. कोणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ सांभाळणाऱ्या या माणसाची हकिकत इशीच्या मनात घर करून बसली. म्यूलरचेच चरित्र वाचून इकडे रमाबाईंनी केडगावच्या मुक्तीसदनाचा संसार श्रद्धेवर चालवला. 1889 मध्ये इशीने आपली वैद्यकाची पुस्तके जाळली, मागे फिरण्याची वाटच राहू नये म्हणून. 1891 च्या मिनो-ओवारी भूकंपातली मुले त्याने आणली. 1906 मध्ये ईशान्य जपानात दुष्काळ पडला तेव्हा तो गाड्या भरभरून मुले घेऊन आला आणि संख्या 1,200 वर गेली.

त्याच्या पद्धतीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुलाला पोट भरेपर्यंत जेवू घालायचे, मापून वाढायचे नाही, असा त्याचा नियम होता. कितीही खा म्हटल्यावर मुलांची अन्नचोरी थांबली आणि काही दिवसांनी ती आपोआप बेताने खाऊ लागली. मोठ्या बराकी मोडून त्याने लहान घरे बांधली आणि प्रत्येक घरात एक गृहमाता ठेवली. अगदी तान्ह्या मुलांना तो शेतकरी कुटुंबांकडे सांभाळायला देई. मात्र पैशाच्या बाबतीत तो म्यूलरच्या वाटेवर राहिला नाही. अनाथ मुलांचा बँड आणि मॅजिक लँटर्नची चित्रे घेऊन त्याची मंडळी गावोगाव फिरत असे. मोठा आधार मिळाला तो कुराशिकीच्या कापड गिरणीचा मालक ओहारा मागोसाबुरो याचा. इशीमुळेच तो ख्रिस्ती झाला. इशी 1914 मध्ये वारला आणि अनाथालय 1926 मध्ये मिटले. ओहाराने पुढे सामाजिक संशोधनाची संस्था, कुराशिकीचे इस्पितळ आणि चित्रसंग्रहालय उभारले. नुसत्या दानाने गरिबी हटत नाही, तिची कारणे शोधली पाहिजेत, हा विचार त्याला इशीच्या कामातल्या अपयशातून सुचला असावा.

तोमेओका कोसुके ओकायामाच्याच ताकाहाशी गावचा, दोशिशाचा विद्यार्थी. 1891 मध्ये तो होक्काइदोच्या तुरुंगात धर्मोपदेशक म्हणून गेला. कैद्यांशी बोलून त्याच्या ध्यानात आले की बहुतेकांची वाट लहानपणीच चुकली होती. अमेरिकेत जाऊन त्याने बालगुन्हेगारांच्या संस्था पाहिल्या आणि 1899 मध्ये टोकियोच्या सुगामोत ‘कुटुंबशाळा’ काढली. तिला भिंत नव्हती. शिक्षक जोडपी मुलांबरोबर घर करून राहत. 1914 मध्ये त्याने होक्काइदोच्या जंगलात तिची शाखा उघडली, ती अजून चालू आहे. तो गृहखात्याचाही सल्लागार झाला आणि बालसुधारणेचे सरकारी धोरण बऱ्याच अंशी त्याच्या हातून घडले.

त्याच 1891 च्या भूकंपानंतर अनाथ मुलींना दलाल उचलून नेत आहेत, हे ऐकून इशी र्‍योइची हा शिक्षक तिकडे धावला. तो जुजीचा नातलग नव्हे, नावसाधर्म्य आहे. त्याने आणलेल्या मुलींपैकी एकीची बुद्धी मंद होती. तिला कसे शिकवावे हे जपानमध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. ते शिकायला तो अमेरिकेला गेला आणि परत येऊन ताकिनोगावा गाकुएन ही बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची जपानमधली पहिली संस्था त्याने घडवली. टोकियोत नोगुची युका आणि मोरिशिमा मिने या दोघी सरदार घराण्यांच्या मुलांच्या बालवाडीत शिकवत. कामाला जाता-येता रस्त्यात खेळणारी गरिबांची पोरे त्यांना दिसत. 1900 मध्ये त्यांनी त्या पोरांसाठी फुताबा बालवाडी काढली आणि पुढे ती टोकियोच्या सर्वांत दरिद्री वस्तीत नेली. आया कारखान्यात जातात हे पाहून वेळ वाढवत नेली. बालवाडीचे पाळणाघर होते ते असे.

हे काम वाढले तसा बौद्ध मठांनाही जोर चढला. त्यांनी अनाथालये, तुरुंगसेवा, शाळा हाती घेतल्या. या चढाओढीचा लाभ गरिबांना झाला, आणि तोही ख्रिस्ती प्रभावाच्या जमाखर्चात धरला पाहिजे.

आता त्या किमतीबद्दल. 1890 मध्ये सम्राटाचे शिक्षणविषयक आज्ञापत्र निघाले. जानेवारी 1891 मध्ये टोकियोच्या सरकारी शाळेत त्याच्या वाचनप्रसंगी उचिमुरा कान्झोने पुरेसे वाकून नमन केले नाही. वर्तमानपत्रांनी त्याला देशद्रोही ठरवले, नोकरी गेली, आजारातून तो उठला तोवर पत्नी वारली. 1899 मध्ये शिक्षणखात्याने हुकूम काढला की मान्यताप्राप्त शाळेत धर्मशिक्षण चालणार नाही. मान्यता नाही म्हणजे वरच्या शिक्षणाची वाट आणि लष्करी सेवेतली सवलत दोन्ही जाणार. आओयामा गाकुइन आणि मेइजी गाकुइन या ख्रिस्ती शाळांनी माध्यमिक शाळेचा दर्जा सोडला, मुले गळाली, तरी प्रार्थना सोडली नाही. रिक्क्यो या तशाच शाळेने धर्मशिक्षण वसतिगृहात हलवून मान्यता टिकवली. आज बसून त्यांत कोण चूक होते ते ठरवू नये.

1930 नंतरचे वागणे मात्र तपासावेच लागते. 1932 मध्ये टोकियोच्या जोची या कॅथलिक विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी युद्धात मेलेल्यांच्या यासुकुनी देवळात वंदन केले नाही. लष्कराने विद्यापीठाचा गळा आवळला आणि चार वर्षांनी व्हॅटिकनने असे वंदन नागरी कर्तव्य म्हणून चालवून घेतले. 1941 मध्ये प्रॉटेस्टंट पंथांना सरकारने एका संघात कोंबले आणि त्या संघाने युद्धाला साथ दिली. त्याची कबुली त्याने 1967 मध्ये दिली. अपवाद होते. उचिमुराचा शिष्य यानाइहारा तादाओ याने चीनवरच्या आक्रमणावर टीका केली आणि 1937 मध्ये टोकियो विद्यापीठातली प्राध्यापकी गमावली.

कुष्ठरोग्यांची कहाणी याहून दुखरी आहे. 1889 मध्ये फ्रेंच पाद्री तेस्तव्यूद यांनी फुजी पर्वताच्या पायथ्याशी गोतेंबात कोयामा रुग्णालय काढले. 1895 मध्ये हॅना रिडेल यांनी कुमामोतोत इस्पितळ उघडले. देवळांच्या पायऱ्यांवर पडलेल्या माणसांना त्यांनी छप्पर, मलमपट्टी आणि नाव दिले. सरकारचे डोळे उघडले ते या परदेशी लोकांमुळेच. पण डोळे उघडलेल्या सरकारला रुग्णांपेक्षा देशाची लाज जास्त दिसली. 1907 च्या आणि 1931 च्या कायद्यांनी रुग्ण उचलून बेटांवर आणि डोंगरांत कोंडले गेले, त्यांची नसबंदी झाली. रिडेल यांचाही रुग्णांना वेगळे ठेवण्याला पाठिंबा होता. औषधे निघून दशके लोटली तरी कायदा 1996 पर्यंत राहिला. 2001 मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. रुग्णांवर जीव लावणारे डॉक्टर आणि परिचारिका त्या वसाहतींत होत्या, त्यांत ख्रिस्ती पुष्कळ होते. तरीही दार बाहेरून बंद आहे, हा प्रश्न त्यांच्यापैकी फार थोड्यांनी विचारला. दया होती, हक्काची भाषा नव्हती.

ती भाषा बोलायचा प्रयत्न कागावा तोयोहिकोने केला. 1909 च्या नाताळच्या आदल्या दिवशी, एकविसाव्या वर्षी, क्षयाने पोखरलेला हा विद्यार्थी कोबेच्या शिंकावा झोपडपट्टीत राहायला गेला. वर्षानुवर्षे तिथे राहिल्यावर त्याला कळले की एकेका माणसाची शुश्रूषा करून ही वस्ती संपणार नाही. 1921 मध्ये कोबेच्या गोदी कामगारांच्या संपात तो पुढे होता, त्याच वर्षी तिथे ग्राहक सहकारी संस्था उभी राहिली आणि 1922 मध्ये शेतकरी संघ. 1920 साली निघालेल्या त्याच्या आत्मकथनात्मक कादंबरीच्या लाखो प्रती खपल्या आणि तो पैसा या कामांत गेला. कोबेच्या त्या सहकारी संस्थेचे आज दहा लाखांहून अधिक सभासद आहेत. भाजी घ्यायला येणाऱ्या गृहिणीला तिथे बायबल आठवत नाही. कागावाचा एक डागही सांगितला पाहिजे. 1915 च्या त्याच्या पुस्तकात अस्पृश्य मानल्या गेलेल्या बुराकु लोकांविषयी वंशभेदाची, अपमानकारक विधाने आहेत. ज्यांच्यात राहिला त्यांनाच तो असे पाहत होता. जोतीरावांच्या मुलखातल्या वाचकाला हे टोचल्याशिवाय राहणार नाही.

युद्धानंतर या एक टक्क्याला अचानक व्यासपीठ मिळाले. शिक्षणमंत्री तानाका कोतारो कॅथलिक होते, टोकियो विद्यापीठाचे प्रमुख नांबारा शिगेरू उचिमुराच्या परंपरेतले, आणि त्यांच्यानंतर त्याच खुर्चीवर बसले ते हाकलले गेलेले यानाइहारा. 1947 च्या शिक्षणाच्या मूलभूत कायद्यामागे तानाका आणि नांबारा यांचा विचार आहे. विमान कंपनीच्या जुन्या संशोधनकेंद्राच्या जागेवर 1953 मध्ये आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती विद्यापीठ सुरू झाले. ओइसोत सावादा मिकी या मित्सुबिशी घराण्यातल्या बाईने, अमेरिकी सैनिकांपासून झालेल्या आणि टाकून दिलेल्या मुलांसाठी 1948 मध्ये घर उघडले.

मात्र नव्या घटनेच्या 89 व्या कलमाने सरकारी ताब्यात नसलेल्या खासगी सेवाकार्याला सार्वजनिक पैसा देण्यास मनाई केली. यातून वाट म्हणून 1951 च्या कायद्याने समाजकल्याण संस्था हा नवा प्रकार निघाला. नोंदणी करायची, देखरेख मान्य करायची, अनुदान घ्यायचे. जुनी ख्रिस्ती अनाथालये आणि आश्रम या साच्यात बसले. कर्मचारी सरकारी निकषांनी आले, त्यांत ख्रिस्ती मोजकेच होते.

तरीही पहिले पाऊल टाकण्याची सवय सुटली नाही. हामामात्सूत हासेगावा तामोत्सू यांनी 1930 मध्ये, कोणी जवळ करत नसलेल्या क्षयरोग्यांसाठी खोपट बांधले होते. त्यातून सेइरेई ही संस्था वाढली. त्याच शहरात 1961 मध्ये अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी जपानमधले पहिले शुश्रूषागृह उभे राहिले. वृद्धकल्याण कायदा त्यानंतर दोन वर्षांनी झाला. 1981 मध्ये पहिले हॉस्पिसही सेइरेईनेच काढले. 1971 मध्ये टोकियोत सुरू झालेली, आत्महत्येच्या काठावरच्या माणसांसाठीची दूरध्वनी सेवा एका जर्मन मिशनरी बाईच्या खटपटीतून आली. कुमामोतोच्या एका कॅथलिक इस्पितळाने 2007 मध्ये भिंतीत झरोका ठेवला, नकोशा बाळाला आई तिथे निनावी ठेवू शकते. त्यावर देशभर वाद झाला, तो अजून चालू आहे.

युद्धानंतरच्या पिढीतला इतोगा काझुओ मला सर्वांत पुढचा वाटतो. 1946 मध्ये बिवा सरोवराकाठी त्याने ओमी गाकुएन सुरू केले, युद्धात अनाथ झालेली आणि बुद्धीने अपंग असलेली मुले एकत्र ठेवून. पुढे तीव्र अपंगत्व असलेल्या, हलूही न शकणाऱ्या मुलांसाठी वेगळी संस्था काढली. या मुलांना जगाचा प्रकाश द्या, असे इतर लोक म्हणत. इतोगाने वाक्यातला एक प्रत्यय बदलला आणि म्हटले की ही मुलेच जगाचा प्रकाश व्हावीत. वाक्य बायबलच्या मुशीतले आहे. जपानमध्ये ते समाजकार्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात आणि बहुतेकांना त्याचे मूळ ठाऊक नसते. दया घेणारे मूल इथे देणारे झाले. गोतेंबात आणि कुमामोतोत जे राहून गेले होते, ते इथे पुरे झाले.

आज प्रश्न वेगळा आहे. मुलेच कमी जन्मतात आणि मुलींची जुनी मिशन महाविद्यालये त्यात पहिली होरपळतात. कावाई मिची ही नितोबेची विद्यार्थिनी. तिने 1929 मध्ये टोकियोत केइसेन ही मुलींची शाळा काढली तेव्हा अभ्यासक्रमात बायबल आणि आंतरराष्ट्रीय विषयांबरोबर बागकाम घातले. माती हातात घेतलेली मुलगी युद्धाच्या बाजूने जाणार नाही, अशी तिची धारणा होती. त्या परंपरेतल्या केइसेन विद्यापीठाने 2024 पासून नवे प्रवेश थांबवले. शाळा चालू आहे. तिथल्या मुली आजही तासाला कुदळ घेऊन वाफ्यांवर जातात.